सहा इंचांची पायरी

दुकानासमोरची, बँकेसमोरची, दवाखान्यासमोरची साधी पायरी सहा इंचांच्या आसपास उंच असते. चालणाऱ्या माणसाला ती चढल्याचं कळतही नाही. फोनवर बोलताना, दोन्ही हातांत पिशव्या असताना पाय आपोआप वर पडतो. व्हीलचेअरवरचा माणूस मात्र तिथेच थांबतो. खुर्चीचं पुढचं चाक जेमतेम पाच ते आठ इंच व्यासाचं असतं. सहा इंचांच्या उभ्या कडेला ते धडकतं आणि अडकतं. दंडात भरपूर ताकद असलेली, वर्षानुवर्षं सराव केलेली तरुण माणसं पुढची चाकं उचलून दोन-तीन इंचांची कड पार करतात. सहा इंच त्यांनाही सहसा जमत नाहीत.

अशा वेळी आपल्याकडे माणसं मदतीला येतात, हे खरं आहे. पानवाला येतो, रिक्षावाला येतो, शेजारचा कॉलेजातला मुलगा येतो. ‘धरा रे, उचला’ म्हणत चौघं खुर्चीला हात घालतात आणि माणूस पायरीच्या वर पोचतो. मदतीला धावण्याची ही रीत मोलाची आहे. पण मला या लेखात जे सांगायचं आहे ते हेच, की उचलून नेणं ही सोय नव्हे. उलट उचलायला माणसं सहज मिळतात म्हणून आपण पन्नास-साठ वर्षं उतरणी बांधल्या नाहीत.

उचलण्यात काय काय होतं ते उचलणाऱ्याला दिसत नाही. खुर्चीचे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याचदा निघणाऱ्या असतात. अनोळखी माणूस नेमकं तिथेच धरतो आणि पट्टी त्याच्या हातात येते. खुर्ची एका बाजूला कलते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला बऱ्याचदा कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे पाय कशावर घासला, कुठे अडकला हे त्याला कळत नाही. रात्री कपडे बदलताना जखम दिसते. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसासकट शंभर किलोंच्या पुढे जाते, ती चौघांनाही झेपत नाही. बाईमाणसाला परके हात कुठे लागतात, हे वेगळं सांगायला नको. शिवाय वर नेणारे चौघं आपापल्या कामाला निघून जातात आणि अर्ध्या तासाने खाली उतरायचं असतं, तेव्हा नवे चौघं शोधावे लागतात. ज्याला उचलावं लागतं त्याला एकट्याने येता येत नाही, मनात आलं म्हणून येता येत नाही, कंटाळा आला म्हणून निघताही येत नाही.

विराली मोदी या मुंबईच्या कार्यकर्त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात. रेल्वेच्या डब्यात उचलून चढवताना हमालांकडून झालेल्या गैरस्पर्शाविषयी त्या उघडपणे बोलल्या आणि २०१७ मध्ये त्यांनी त्यावर ऑनलाइन मोहीम चालवली. त्यानंतर केरळातल्या काही स्थानकांवर सुटे रॅम्प आणि डब्याच्या बोळातून जाणाऱ्या अरुंद खुर्च्या आल्या. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचं लग्न होतं. खारच्या विवाह नोंदणी कार्यालयाची जागा दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. सही घेण्यासाठी कुणी खाली यायला तयार झालं नाही. अखेर त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उचलून वर न्यावं लागलं. त्यांनी हे समाजमाध्यमावर लिहिल्यावर बातमी देशभर झाली, उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ज्यांचा आवाज इतक्या दूर पोचत नाही, त्यांच्यापाशी दिलगिरी कुणी व्यक्त करत नाही.

आता उतरणीचं गणित पाहू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. सार्वजनिक इमारतीच्या रॅम्पचा उतार एकास बारा असावा असं मानक आहे. म्हणजे एक फूट उंची चढायची तर उतरण बारा फूट लांब हवी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट, तीन पायऱ्यांना अठरा फूट. आपल्याकडे मात्र आहे त्या जागेत बसेल तेवढा सिमेंटचा तिरपा ढीग ओतला जातो. तीन पायऱ्यांवर सहा फुटांची घसरगुंडी होते आणि फलकावर ‘दिव्यांगांसाठी रॅम्प’ असं लिहिलं जातं.

याने फरक किती पडतो? माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरा. एकास बारा उतारावर ते वजन मागे सरकू न देण्यासाठी साधारण साडेसात किलोंचा जोर सतत लावावा लागतो. एकास चार उतारावर तोच जोर बावीस किलोंच्या आसपास जातो, आणि तोही फक्त दोन्ही हातांनी, चाकाच्या कडेवर. त्याहून मोठा धोका उलटण्याचा. चढण तीव्र झाली की शरीराचा भार मागच्या चाकांच्या आसाच्या मागे जातो, पुढची चाकं हवेत उचलली जातात आणि माणूस डोक्यावर पडतो. आणि तीव्र उतारावरून कुणाला खाली आणायचं असेल तर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून, हळूहळू मागे येत उतरवतात. ही गोष्ट प्रत्येक वॉचमनला, प्रत्येक वॉर्डबॉयला शिकवायला हवी.

उतार बरोबर असला तरी काम संपत नाही. रॅम्प जिथे संपतो तिथे सपाट जागा लागते. बऱ्याच ठिकाणी रॅम्प थेट दाराला टेकलेला असतो आणि दार बाहेर उघडतं. दार ओढायला एक हात चाकावरून काढला की खुर्ची मागे घसरते. कठडा नसतो. वर चकचकीत फरशी बसवलेली असते, ती पावसात निसरडी होते. आणि रॅम्पच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात, कारण दुचाकी वर चढवायला तोच सोयीचा. या सगळ्या गोष्टींना पैसा फार लागत नाही. बांधताना कुणी खुर्चीवरच्या माणसाला एकदा बोलावून त्यावरून नेऊन पाहिलं असतं तर त्या तिथल्या तिथे सुधारल्या असत्या.

खुर्चीविषयीही थोडं सांगायला हवं. आज आपण पाहतो ती घडीची व्हीलचेअर १९३०च्या दशकातली. खाणीतल्या अपघातात पाठ मोडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकन अभियंते आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी लॉस एंजलिसमध्ये १९३३ साली पोलादी नळ्यांची, आडव्या फुलीवर मिटणारी खुर्ची बनवली. ती घडी घालून मोटारीत मावत असे. आपल्या रुग्णालयांत, स्टेशनांवर, देवस्थानांत जी खुर्ची दिसते ती त्याच घाटाची. वॉर्डातून क्ष-किरण विभागापर्यंत दुसऱ्याने ढकलत न्यायला ती ठीक आहे. पण हीच खुर्ची घरी आयुष्यभर वापरायला दिली जाते. ती अठरा-वीस किलोंची, सगळ्यांना एकाच मापाची. किडकिडीत मुलगी तिच्यात एका बाजूला कलून बसते, मग पाठीचा कणा वाकतो. गादी नीट नसली तर बसल्या जागी कातडीवर दाब पडून जखमा होतात आणि त्या भरायला महिनोन्‌महिने लागतात. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, पाठीची उंची मोजून बनवलेली हलकी खुर्ची मिळाली तर तोच माणूस दुप्पट अंतर एकट्याने जातो. आयआयटी मद्रासमधल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत अशी मापाची खुर्ची आणि तिच्या पुढे जोडायचं मोटार असलेलं चाक भारतातच तयार केलं आहे. त्या जोडचाकाने खुर्ची रस्त्यावर स्कूटरसारखी धावते. किंमत मात्र सामान्य कुटुंबाला पेलणारी नाही.

खुर्चीची रुंदी साधारण दोन ते सव्वादोन फूट. त्यात बाहेरून चाक फिरवणाऱ्या हातांची बोटं आणि कोपरं मिळवा. म्हणून दाराची मोकळी रुंदी तीन फूट म्हणजे ९० सेंटिमीटर हवी, आणि जागच्या जागी वळायला पाच फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ. आता आपल्या घरात उठून ही मापं घेऊन पाहा. मुख्य दार बहुधा बसेल. बाथरूमचं दार मात्र अनेक फ्लॅटांत अडीच फुटांचं, जुन्या चाळीत त्याहूनही कमी. चौकट, बिजागरी आणि अर्धवट उघडणारी फळी यांत आणखी दोन इंच जातात. पक्षाघाताचा झटका आलेले वडील रुग्णालयातून घरी येतात आणि पहिल्या दिवशी कुटुंबाला कळतं, की आपल्या स्वतःच्या घरात त्यांना न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही. पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला तीन इंचांचा उंबरा, आत ओली गुळगुळीत फरशी, धरायला काही नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली कपाटं असल्यामुळे गुडघे आत जात नाहीत. मग बाईला ओट्याला समांतर बसून, कमरेतून वळून भाजी चिरावी लागते. ओट्याचा दोन-अडीच फुटांचा एवढाच भाग खाली मोकळा ठेवला आणि उंची तीन-चार इंचांनी कमी केली तर ती पूर्ण स्वयंपाक करू शकते.

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत लिफ्टची वेगळीच अडचण आहे. लिफ्ट असते, पण ती मजल्यावर न थांबता दोन जिन्यांच्या मधल्या चौकात थांबते. किंवा तळमजल्यावर रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत चार पायऱ्या असतात. पाचव्या मजल्यापर्यंतचं अंतर लिफ्टने सहज पार होतं आणि शेवटच्या चार पायऱ्यांमुळे माणूस घरात अडकतो. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर आरसा लावण्यामागचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. आत वळायला जागा नसली तर खुर्ची मागेमागे बाहेर काढावी लागते आणि मागे कोण उभं आहे ते आरशातच दिसतं.

घराबाहेर पदपथ. मुंबईत पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी खांब रोवले गेले, इतके जवळजवळ की खुर्चीही जाईना. एका तरुणाने याविषयी ई-मेल लिहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. पदपथ हा पायी चालणाऱ्यांचा असतो, तसा चाकांवर चालणाऱ्यांचाही असतो, हे महापालिकेला न्यायालयातून ऐकावं लागलं. खांबांच्या पलीकडेही अडथळे आहेतच. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. कुठे उतरण आहे तर ती संपते तिथे विजेचा डबा. पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. दोन ठोकळ्यांच्या फटीत, गटाराच्या जाळीत पुढचं छोटं चाक शिरलं की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. जाळीतली फट सेंटिमीटरभरच असावी आणि तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, इतकी साधी ही बाब आहे.

पदपथाचा आडवा उतारही असाच सहसा कुणाच्या ध्यानात न येणारा. पाणी वाहून जावं म्हणून तो रस्त्याच्या बाजूला किंचित कलता ठेवतात. तो मर्यादेत असेल तर त्रास नाही. जास्त झाला की खुर्ची सतत वाहनांकडे ओढली जाते आणि ती सरळ ठेवायला एकाच हाताने जोर लावत राहावं लागतं. दहा मिनिटांत तो खांदा भरून येतो. ज्यांचे पाय काम करत नाहीत त्यांच्या सगळ्या हालचालींचा भार खांद्यांवरच असतो. पलंगावर चढणं, कमोडवर बसणं, खुर्ची ढकलणं, सगळं त्याच खांद्यांनी. खांदा दुखावला की माणूस पूर्ण परावलंबी होतो.

म्हणून हे लोक पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने, वाहनांच्या मधून जातात. कुणी तरी ओरडतं, ‘मरायचंय का?’ त्यांच्याकडे दुसरा रस्ताच नसतो.

पावसाळ्यात हे सगळं दुप्पट अवघड होतं. दोन्ही हात चाकांवर असल्यावर छत्री कशी धरणार? चाकाची कड ओली झाली की हात घसरतो. ब्रेक टायरवर दाबून धरणारे असतात, ओल्या टायरवर त्यांची पकड राहत नाही. घरी आल्यावर चाकांना लागलेला चिखल दारातच पुसावा लागतो. मंदिरात तर अनेकदा चाकांना चपलांसारखंच बाहेर ठेवायला सांगतात. चाकं पुसून आत जाऊ देणारी देवस्थानंही आहेत, त्यामुळे हे अशक्य नाही.

प्रवासाकडे येऊ. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. ही सवलत खरोखर उपयोगाची आहे, पण साध्या एसटीचा तळ जवळजवळ छातीइतका उंच, दार अरुंद आणि आत तीव्र पायऱ्या. तिकीट स्वस्त मिळतं. खुर्चीवरून थेट गाडीत जाता येत नाही. तालुक्याच्या गावी दाखल्यासाठी, पेन्शनसाठी जायचं तर कुणाच्या तरी खांद्यावर किंवा खासगी गाडी करून, म्हणजे सवलतीच्या कित्येक पट खर्चून जावं लागतं. मुंबई-पुण्यात आता जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीच्या तळाच्या बसगाड्या धावतात, त्यांच्या दाराशी उघडता येणारा रॅम्प असतो. बस थांब्याला अगदी चिकटून उभी राहिली आणि वाहकाने उतरून रॅम्प उघडला तर माणूस स्वतः आत जातो. थांब्यासमोर रिक्षा आणि गाड्या उभ्या असल्या की बस रस्त्याच्या मध्ये थांबते आणि मग रॅम्पचा उतार घसरगुंडीसारखा होतो. बस चांगली आहे. थांबा मोकळा ठेवणं तिच्या हातात नाही.

रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो, बहुधा गाडीच्या टोकाला. त्याचं दार मुद्दाम रुंद केलेलं. पण डब्याची जमीन रुळांपासून साधारण सव्वा मीटर उंच आणि उंच फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटरचा. म्हणजे रुंद दारासमोर सव्वा-दीड फुटाची उभी चढण उरतेच. लोकलच्या राखीव डब्यात फलाट आणि गाडी यांतलं अंतर थोडं कमी झालं आहे, तरी गाडी थांबते वीस-तीस सेकंद. मेट्रोने मात्र दाखवून दिलं की हे करता येतं. मुंबईत २०१४ पासून, नागपुरात २०१९ पासून, पुण्यात २०२२ पासून धावणाऱ्या मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, लिफ्ट आहे, डब्यात खुर्ची लावायला जागा आहे. अडचण येते ती मेट्रोच्या लिफ्टपासून घराच्या फाटकापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरात. टॅक्सी करावी तर सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापलेली, घडी घातलेली खुर्ची ठेवायला जागा नाही. बरेच टॅक्सीवाले खुर्ची पाहूनच पुढे जातात.

आता जी गोष्ट लोक चारचौघांत बोलत नाहीत ती. स्वच्छतागृह. माझी आत्या गेली अनेक वर्षं व्हीलचेअरवर आहे. लग्नाला जायचं ठरलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करते. सकाळी चहा घेत नाही. “आत्या, घोटभर तरी घे गं,” म्हटलं तर म्हणते, “तिथे जायची सोय असेल का रे?” कार्यालयात सोय नसणार हे तिला माहीत असतं. एका मोठ्या मंगल कार्यालयात रॅम्प होता, लिफ्ट होती, स्टेजजवळ जायला उतरणही होती. स्वच्छतागृहावर व्हीलचेअरचं चिन्हही होतं. दाराला कुलूप होतं. किल्ली शोधून उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. आत्याने जेवण अर्ध्यावर टाकून घरी नेण्याची विनंती केली. ज्या भाचीच्या लग्नाला ती आली होती तिला भेटताही आलं नाही.

पाणी कमी पिण्याची ही सवय व्हीलचेअर वापरणाऱ्यांत, विशेषतः बायकांत, सर्रास आढळते. मज्जारज्जूच्या इजेत मूत्राशय बऱ्याचदा आधीच पूर्ण रिकामं होत नाही. त्यात पाणी कमी पडलं की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, मूतखडे होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. आयुष्य वर्षांनी कमी करणारं हे दुखणं आहे आणि त्यातला बराचसा भाग बाहेर वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसल्यामुळे येतो.

वापरण्याजोगं म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यायला हवं. खुर्चीतला माणूस कमोडवर सरकत जातो. त्यासाठी कमोडच्या एका बाजूला खुर्ची उभी राहील इतकी मोकळी जागा लागते. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे ४५ ते ४८ सेंटिमीटर. भिंतीला घट्ट बसवलेली आडवी दांडी, जी माणसाचं पूर्ण वजन पेलेल. टॉवेल लटकवायची पोकळ नळी तिथे लावली तर माणूस पडतो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं, कारण आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते बंदच होत नाही. फ्लशचं बटण, पाण्याची नळी, कडी, हे सगळं बसल्या बसल्या हाताला लागेल असं. यातली एकच गोष्ट चुकली तरी संपूर्ण खोली निरुपयोगी ठरते. हाच नियम सगळीकडे लागू होतो. बँकेत रॅम्प असेल पण एटीएमचा पडदा डोक्याच्या उंचीवर असेल, नाट्यगृहाचं दार रुंद असेल पण आत सगळ्या रांगा पायऱ्यांवर असतील, तर आलेला माणूस परत जातो.

हे लोक आहेत तरी किती, असं विचारणारे भेटतात. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. देशातल्या आकड्यातले साधारण एक पंचमांश लोक हालचालीच्या अपंगत्वाचे. ते रस्त्यावर दिसत नाहीत, याचं कारण आतापर्यंत सांगितलेलं सगळं. शिवाय गुडघे दुखणारी आजी, पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा, बाबागाडी ढकलणारी आई, सिलिंडर पोचवणारा माणूस, चाकांची बॅग ओढणारा प्रवासी, सगळे त्याच उतरणीवरून जातात.

कायदा नाही, असंही नाही. १९९५ मध्ये पहिला कायदा झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ त्याहून कितीतरी ठाम आहे. त्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कलम ४५ नुसार असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत, पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. ‘राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट सांगितलं, की कायदा सक्तीची मानकं मागतो आणि नियमांत केवळ मार्गदर्शक सूचना आहेत, हे चालणार नाही. तीन महिन्यांत सक्तीची मानकं करण्याचा आदेश केंद्राला दिला गेला. निकालाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: सुगम्यता ही कुणी उपकार म्हणून द्यायची वस्तू नाही.

इच्छा असली की काम किती लवकर होतं, याचं उदाहरण जुनं आहे. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेनंतर ते दिल्लीला गेले. तिथली ऐतिहासिक स्मारकं त्यांना पाहायची होती. जावेद अबिदी हे स्वतः व्हीलचेअरवरचे कार्यकर्ते मागे लागले, आणि पुरातत्त्व खात्याने कुतुबमिनारसह काही स्मारकांवर लाकडी उतरणी घातल्या. वर्षानुवर्षं जे होत नव्हतं ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत झालं. अबिदींनी पुढे आयुष्यभर हाच प्रश्न विचारला, की हे इथल्या माणसांसाठी का नाही? २०१८ मध्ये ते गेले.

महाराष्ट्रात याचं उत्तर काहींनी स्वतः बांधून दिलं. तरुणपणीच पायांतली शक्ती गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. ‘घरौंदा’ वसतिगृहात मुलं खुर्चीवरून वावरतात, शिकतात, स्वतःचं स्वतः करतात. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला गोळी लागलेल्या, अपघात झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. अशा ठिकाणी गेलं की कळतं, जमीन एका पातळीत आणि दारं रुंद असली की ज्याला आपण असहाय समजतो तो माणूस सकाळी स्वतः उठून, आंघोळ करून, कामाला लागलेला असतो.

तुमच्या हातात जे आहे ते आत्ता करता येईल. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला आहे, पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे खर्च झाले हे ग्रामसभेत, वॉर्ड कार्यालयात विचारा. सोसायटीच्या वार्षिक सभेत रॅम्पचा विषय लेखी द्या. ज्याला गरज आहे त्यानेच तो मांडावा अशी वाट पाहू नका, कारण सभा बहुधा गच्चीवर असते. रस्त्यात कुणाला अडलेलं पाहिलंत तर खुर्चीला हात लावण्याआधी विचारा, “मदत हवी आहे का, आणि कुठे धरू?” आणि बोलायचं ते त्याच माणसाशी, त्याच्यासोबतच्या माणसाशी नव्हे. शेवटी एक छोटी विनंती. पुढच्या वेळी घरच्या लग्नाची, मुंजीची, पुस्तक प्रकाशनाची पत्रिका काढाल तेव्हा पत्त्याच्या खाली एक ओळ छापा: जागा कितव्या मजल्यावर आहे, पायऱ्या किती आहेत, लिफ्ट आणि व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह आहे की नाही. आणि छापण्याआधी स्वतः जाऊन ते दार उघडून पाहा.